एदामामे आणि भात

बाबा आणि मी, दोघांचंच टोकियो. आई म्हणाली, "मी तीन वर्षं तिथे पाकिटं वाचण्यात घालवली, आता तुम्ही जा." तिला जपानी लिपीतली मोजून तीन चिन्हं यायची: मांस, मासा आणि अंडं. तेवढ्या भांडवलावर तिने अख्खं सुपरमार्केट चाळलं होतं.

२००१ ते २००४ आम्ही टोकियोतल्या निशी-कासाईत राहिलो. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक बिघडतील या धास्तीच्या, आगेमागे पुण्या-बंगळुरूहून आलेल्या इंजिनिअरांची ही वस्ती. हाच भाग का, तर तोझाई मार्गाच्या गाडीने ऑफिसं गाठता यायची आणि सरकारी गृहसंस्थेच्या इमारतीत जामीनदार लागत नसे, घरमालकाला नजराणाही नाही. टोकियोतली भारतीय शाळा निघाली २००४ साली, आमची बोचकी बांधून झाल्यावर. म्हणून मी जपानी शाळेत. पाठीवर ते कडक चामडी दप्तर आणि डोक्यावर पिवळी टोपी.

पहिल्याच सकाळी बाबांना ओढत ग्योसेन पार्कात नेलं. तिथे छोटंसं प्राणिसंग्रहालय आहे, तिकीट नाही. आणि फाटक बंद! सोमवारी सुट्टी असते म्हणे. लहानपणी सोमवारी मी शाळेत असायचे, मला कसं कळणार? मंगळवारी परत गेलो. रेड पांडा फांदीवर पालथा पडून झोपलेला, पेंग्विन एका रांगेत उभे, जणू रेशनला आलेत. मुलांच्या मांडीवर गिनिपिग देतात तो कोपरा अजून आहे. मी रांगेत उभी राहिले नाही, पण मनात होतं.

शाळेजवळचं दागाशीचं दुकान मात्र गेलं. दागाशी म्हणजे पोरासोरांचा स्वस्त खाऊ. तिथल्या आजीबाई नाणं घेऊन छोट्या टोपलीत माल मोजून द्यायच्या. आता त्या जागी नखं रंगवून देतात. 'उमाइबो' हा आमचा राष्ट्रीय खाऊ: मक्याची फुगीर, पोकळ नळी, बोटांना मसाला चिकटायचा. १९७९ पासून तिची किंमत १० येन, म्हणजे शंभरच्या नाण्यात दहा. २०२२ मध्ये ती १२ झाली आणि २०२४ मध्ये १५. सुपरमार्केटात शंभर येनमध्ये कर धरून सहाच आल्या. बाबा म्हणाले, "पेट्रोलचं दुःख कर की जरा." पण चार नळ्या कमी मिळाल्याचं दुःख वेगळंच असतं.

दिवेलागणीला वस्तीतल्या भोंग्यांवर ती संथ धून वाजली. भूकंप-पुराच्या सूचनांसाठी बसवलेले भोंगे नीट चालतात ना, याची ती रोजची चाचणी. आमच्या लेखी अर्थ एकच: पोरांनो, घरी. मी चक्क हातातली पिशवी सावरून वळलेच. माझं टोकियो रोज तिथे संपायचं. बाबांचं तेव्हा ऑफिसात असायचं आणि रात्री पुढे कुठे जायचं, ते मला आजवर ठाऊक नव्हतं.

"चल, दाखवतो," म्हणाले.

शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो, म्हणजे 'आठवणींची गल्ली'. बाबांच्या ऑफिसात तिचं जुनं नाव चालायचं: 'मुतारी गल्ली'. युद्धानंतरचा हा काळाबाजार. संडासांची सोय नव्हती, म्हणून ते नाव. गव्हा-तांदळावर नियंत्रण होतं, पण गाई-डुकराची आतडी-काळीज त्यातून सुटलेली, म्हणून इथे काडीला ओवून भाजलेल्या मांसाची दुकानं फोफावली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हायचं, एवढीच रुंदी. काउंटरला सात खुर्च्या, पाठ भिंतीला टेकलेली, नाकासमोर कोळसा.

न मागता एक वाटी पुढ्यात आली, मुरवलेल्या मुळ्याची. मी म्हटलं, "फुकट?" बाबा हसले. "ओतोशी. हे बसायचं भाडं, बिलात लागतं." मग मान किंचित वाकवून दुकानदाराला म्हणाले, "नेगिमा निहोन, शिओ दे."

मला आधी तो 'दे' मराठी वाटला. मग उमगलं: नेगिमाच्या दोन काड्या, मिठातल्या. नेगिमा म्हणजे कोंबडी आणि कांद्याची पात आलटूनपालटून ओवलेली. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात.

"बाबा?"

"ऑफिसच्या पार्ट्या असायच्या गं. सगळे पितायत, खातायत आणि मी एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, सोलत बसणार? पहिले सहा महिने बसलो." काडी आडवी धरून त्यांनी पहिला तुकडा दातांनी सरकवला, इतक्या सफाईने की सहा महिन्यांनंतरची अडीच वर्षं मला एका क्षणात दिसली. चरबी निखाऱ्यावर पडून चर्र झालं. "कातडीची काडीपण मागव," म्हणाले. मागवली. कुरकुरीत, खारट, बिअरबरोबर बेफाम.

पुढे काबुकीचोतून गेलो. काबुकीचं नाट्यगृह बांधायचं ठरलं म्हणून हे नाव. नाट्यगृह झालंच नाही, नाव राहिलं. झगमगाट भरपूर, दलाल त्याहून भरपूर, मला फार रुचलं नाही. जवळच 'गोल्डन गाई' नावाचा भाग, त्याच्या बोळांत दोनशेहून जास्त बार आहेत, एकेकात सहा-आठ जणांची जागा. एकात डोकावलो, बसायचेच हजार येन. बाबा म्हणाले, "शेवटची गाडी चुकेल." ती चुकली की पहाटे पाचपर्यंत टॅक्सी किंवा फुटपाथ.

इइदाबाशीला तोझाई पकडली. बाबा बसताक्षणी झोपले, हनुवटी छातीवर. आमच्या आधीचं मिनामी-सुनामाची स्टेशन गेलं, गाडी बोगद्यातून वर येऊन आराकावाच्या पुलावर चढली, चाकांचा आवाज मोकळा झाला आणि बाबा डोळे मिटलेलेच उभे राहिले.

फलाटावर उतरतो तोच आईचा फोन. इथे सव्वाबारा, पुण्यात पावणेनऊ.

"जेवलात का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. एदामामे आणि भात."