दोन याद्या, एक फाइल

वाचनालयातल्या पुस्तकांची एक यादी एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये होती, दुसरी एक्सेलमध्ये. दोन्ही एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. डुप्लिकेट काढायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, लहानशीच असते, पण दोन नोंदी एकच कधी मानायच्या हे काही ती ठरवत नाही.

मूळ फाइलची कॉपी काढली आणि एक्सेलची यादी मुख्य टेबलात न घालता वेगळ्या कच्च्या टेबलात उतरवली. जुळणीसाठी आधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, धरला. त्यात जुने १० अंकी होते, २००७ पासूनचे १३ अंकी. मधल्या रेघा काढल्या. १० अंकींना पुढे नुसतं ९७८ चिकटवून भागत नाही, आधीच्या अंकांवरून निघणारा शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो.

जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नव्हता. तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा युनिक इंडेक्सही त्यांना अडवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन नल, म्हणजे रिकाम्या किमती, कधीच सारखे नसतात. मग नाव, लेखक आणि साल यांवर जुळवायला घेतलं, आणि खरा घोळ इथे निघाला. डोळ्यांना तंतोतंत सारखी नावं जुळेनात! ‘दऱ्या’सारख्या शब्दातला र एकाने थेट ऱ म्हणून टाइप केलेला, दुसऱ्याने र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरांची जोडणी ठरवणारं, न दिसणारं चिन्ह असा. काही ठिकाणी साधा र आणि वेगळा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा बिंदू. नुक्त्याचं प्रकरण एनएफसीने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीने मिटलं. झेडडब्ल्यूजेवाला र मात्र पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून स्वतः बदलावा लागला. हे सगळं तुलनेसाठीच्या वेगळ्या रकान्यात केलं, मूळ नावांना हात लावला नाही.

एकाच पुस्तकाच्या दोन प्रती म्हणजे डुप्लिकेट नव्हे. प्रत्येक प्रतीला वाचनालयाने दिलेला दाखल क्रमांक वेगळा असेल तर ती नोंद मी राहू दिली. हे ठरवायला क्वेरी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

विलीन करताना ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ ही आज्ञा टाळली. ती जुनी ओळ पुसून नवी घालते, त्यामुळे नव्या यादीत नसलेले रकाने हातचे जातात. त्याऐवजी जुनी ओळ न पुसता तीच सुधारणारं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ वापरलं आणि ‘कोअलेस’ने फक्त रिकाम्या जागा भरल्या. मुख्य टेबलात आधीपासून असलेल्या दुहेरी नोंदी मात्र वेगळ्या काढाव्या लागल्या. प्रत्येक गटातली सर्वांत लहान आयडी ठेवली, देवघेवीच्या टेबलातले संदर्भ तिच्याकडे वळवले आणि मगच डिलीट चालवलं, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. एवढ्या ओळी जाऊनही फाइलचा आकार होता तेवढाच राहिला. तो मोकळी झालेली जागा काढून टाकणारी ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा चालवल्यावर उतरला.