वार बघून दुखणारं पोट

दीड वर्षाने ठाण्याला गेले होते. कासारवडवलीला भावाच्या सोसायटीत शिरतानाच पाटी : ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई. दंड ५०० रुपये.’ पाटीखालच्या भिंतीवर कुणीतरी खडूने तीन स्टंप काढलेले. मला ते स्टंप फार आवडले.

इकडे हॅम्बुर्गला आमच्या खिडकीखालीच बालवाडीचं अंगण आहे. सकाळपासून नुसता कल्ला. तक्रारखोर शेजारी इथेही कमी नाहीत, आणि ट्रेनमध्ये माझी लेक रडायला लागली की लोक जे बघतात ते मी विसरणार नाही. मुलांच्या आवाजावरून लोक कोर्टातसुद्धा जायचे. शेवटी २०११ साली कायद्यातच दुरुस्ती झाली : बालवाडी किंवा खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज हा सहसा उपद्रव धरायचा नाही.

भावाच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र रोज तेच. ‘आजकालच्या पोरांना वळण नाही’, ‘दिवसभर मोबाइल’. पोडियमवर गाड्या, मागच्या मोकळ्या जागेत टँकर. खाली खेळली तर ओरडा, वर बसली तर मोबाइलवेडी. जायचं कुठे त्यांनी?

भाचा दहा वर्षांचा. घरात त्याची ख्याती ‘नाटकी’ अशी. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. “बघा ना, कसं वार बघून दुखतं!” वहिनी म्हणाली, आणि मीही हसले. पाचला उठायचं, सहा दहाची बस. परतताना घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि गुजरातकडे जाणारे ट्रेलर, म्हणजे घरी यायला कधी अडीच, कधी साडेतीन. मग क्लास. मला वाटलं, झोप पुरत नसेल.

तिसऱ्या दिवशी मी त्याला बसपर्यंत सोडायला गेले. बस वळणावर दिसली तसा त्याने दप्तरातून डबा काढून माझ्या हातात ठेवला.

“हा तूच ठेव आत्या. तसाही सातवीतला दादा घेतो.”

दादा म्हणत होता तो त्याला! हा दादा त्याला सीटवर बसू देत नाही, डबा खातो, वर रिकामा डबा परत देताना टपली मारतो. घरी सांगितलं नाहीस? सांगितलं होतं. बाबा म्हणाले, शाळा बुडवायचे बहाणे. मग अगदी गंभीरपणे मला विचारलं, “१०९८ ला फोन केला तर पोलीस येतात का?” मुलांच्या मदतीचा हा नंबर त्याला शाळेत पाठ करून घेतलाय. घरात चार मोठी माणसं, आणि पोर हेल्पलाइनचा विचार करतंय.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं पोट असंच दुखायचं. इथल्या डॉक्टरीणबाई मला सोडून तिलाच प्रश्न विचारत बसल्या. तेव्हा मला जरा रागच आला होता. नंतर त्यांनी समजावलं, वारंवार पोट दुखणाऱ्या बऱ्याच मुलांच्या तपासण्यांत काहीच निघत नाही, पण दुखणं खरं असतं. ताणानेही पोट दुखतं. हे ठाऊक असून मी वहिनीबरोबर हसले होते.

भाऊ शाळेत जाऊन आला. दादाला आता ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवतात. काल व्हिडिओ कॉलवर चौकशी केली, तर पोट अजून आठवड्यातून एखाद्या वेळी दुखतं म्हणे. परवाचं दुखणं मात्र नाटकच होतं. गणिताची चाचणी होती.