शेंडा खुडला आणि फसलो

तण काढायला बसलं की पहिला प्रश्न म्हणजे धरायचं कुठे. माठ असेल तर सोप्पं काम, एकच सरळ दांडा, मुठीत धरा नि खेचा. पण घोळ? हातभर पसारा, लालसर गुळगुळीत फांद्या चहूकडे जमिनीला चिकटून बसलेल्या, आणि कुठलीही ओढली की तेवढीच हातात येते, मूळ आपलं जागच्या जागी. चाचपत चाचपत मधोमध पोचलं की मग कळतं, हा सगळा पसारा एकाच सोटमुळाचा आहे. शिवाय तुटलेली फांदी ओल्या मातीवर राहिली तर ती तिथेच मुळं सोडते, म्हणजे आपण तण काढतोय की लावतोय तेच कळेना! गोखरूचंही असंच, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखं मधून बाहेर पसरलेलं, फक्त हात घालताना काट्यांचं भान ठेवायचं.

एकदा कंबर दुखत होती म्हणून मी शहाणपणा केला, माठ उपटायचा सोडून कात्रीने वरच्यावर छाटून टाकला, आणि थोड्याच दिवसांत एका दांड्याच्या जागी चांगलं झुडूप! शेंड्यात ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते दांड्यातून खाली उतरत असतं आणि तोवर प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा दबून असतो, सासुरवाशिणीसारखा. शेंडा गेला की सगळे एकदम फुटतात. फुलझाडांचे शेंडे आपण ह्याच्यासाठीच तर खुडतो, पण तणाच्या बाबतीत तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आणि हाच माठ गर्दीत उगवला तर फांद्यांच्या फंदात पडत नाही, काडीसारखा वर वर जातो. शेजारच्या पानांवरून येणाऱ्या उजेडात लाल कमी आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळपास न दिसणारा रंग जास्त असतो, त्यावरून त्याला सावली पडायच्या आधीच शेजाऱ्यांचा सुगावा लागतो. फरशीच्या फटीत मात्र तोच बोटभर, चार पानं आणि लगेच तुरा, कारण हातात एकच हंगाम, उंची वाढो न वाढो, बी धरलं पाहिजे.

माझी आवडती मात्र भुईआवळी. कित्येक वर्षं मी तिच्या बाजूच्या बारीक फांद्यांना पानंच समजत होतो, चिंचेसारखी, बारीक पत्त्यांची. संध्याकाळी मिटतातही तशीच. मग एकदा उपटून उलटी धरली तर खालून ओळीने मोहरीएवढी हिरवी फळं लटकलेली, प्रत्येक पत्तीच्या बुडाशी. अरे, पानाच्या मध्ये अशी फळं कशी लागतील, ही तर फांदी! हे जवळून बघावं म्हणून डोळ्यांसमोर फिरवत बसलो आणि तेवढ्यात पिकलेली दोन-चार फळं तडकून बिया कुंडीत परत.