कड्यावरची खोली

काल पाचगणीत मुक्काम केला. हॉटेल अगदी कड्यालगत. गॅलरीचा कठडा संपला की सरळ खोल दरी, आणि खाली धोम धरणाचं पाणी. समोर कमळगड, उजवीकडे दूरवर वाई. जुन्या महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा इथे अशी ऐसपैस पसरते.

सहाला जाग आली तेव्हा पाणी दिसतच नव्हतं, सगळी दरी धुक्याने भरलेली. आई शाल गुंडाळून आधीच बाहेर बसली होती. हळूहळू धुकं विरलं आणि पाण्याची राखाडी कड दिसू लागली. मग आई बोटाने दाखवत म्हणाली, "तिथे बघ, त्या वळणाच्या अलीकडे. माझं आजोळ."

धरणात गेलेलं गाव. मला ते फक्त ऐकून माहीत. आई मात्र बोलतच राहिली: घाटाच्या पायऱ्या, आंब्याखालचा पार, आजीची चूल. एरवी ती एवढं बोलत नाही. चहा थंड झाला, दुसरा मागवला, तोही थंड झाला.

आता उन्हात पाणी लख्ख निळं झालंय. खोली बाराला सोडायची आहे. आई अजून तिथेच बसलीय, तिला उठवावंसं वाटत नाही.