पदवी आहे, मग लायसन्स कशाला?

“पदवी मिळाली ना? मग हे रजिस्ट्रेशन, लायसन्स वगैरे कशाला?” फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधीकधी टेबलावर पालथा झोपलेला पेशंटही विचारतो. एरवी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पदवी देऊन विद्यापीठ मोकळं होतं. पुढे तुम्ही कुणाचा खांदा बिघडवलात, तर ते पदवी परत मागायला येत नाही. तुमची नोंदणी करणारी कौन्सिल मात्र येते. पेशंटची तक्रार ऐकून घेते, चौकशी लावते, आणि प्रकरण गंभीर असेल तर तुमचं नाव यादीतून काढते. यादीतून नाव जाऊ शकतं, म्हणूनच त्या यादीत असण्याला किंमत आहे.

हे फार जुनं दुखणं आहे. 1894 मध्ये लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संस्था काढली. ब्रिटनमधली आजची फिजिओंची चार्टर्ड सोसायटी ती हीच. आता तिथे नोंदणी नसताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणं हा गुन्हा आहे.

नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत राज्यागणिक लायसन्स वेगळं, पण परीक्षा देशभर एकच. गुणांची पट्टी 200 ते 800, पास व्हायला 600 लागतात. काही राज्यं त्यावर स्वतःच्या कायद्याची वेगळी परीक्षा घेतात. ऑस्ट्रेलियात नोंदणी दरवर्षी नवी करायची आणि वर्षाला 20 तास शिकत राहिल्याचा हिशोब ठेवायचा. भारतात 2021 च्या कायद्याने फिजिओंसकट अनेक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. एकीकडचं लायसन्स दुसरीकडे आपोआप चालत नाही, हे परदेशी निघालेल्यांनी सामान बांधायच्या आधी वाचावं.

खरा मुद्दा वेगळाच आहे. पूर्वी डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय फिजिओकडे जाता येत नसे. ऑस्ट्रेलियाने 1976 मध्ये ही अट सोडली. अमेरिकेत 1957 ला नेब्रास्कापासून सुरुवात झाली आणि 2015 पर्यंत पन्नासही राज्यांत कमीजास्त प्रमाणात थेट भेटीची मुभा आली. म्हणजे पेशंटला पहिल्यांदा तपासणारी व्यक्ती आता तुम्ही असू शकता. आपल्या मागे कुणी तरी आहे, हा धीर गेला.

एक गृहस्थ पोटरी दुखते म्हणून आले. नुकताच लांबचा विमानप्रवास झाला होता. “जरा दाबून द्या, मोकळं वाटेल.” हात ठेवला तर ती पोटरी दुसरीपेक्षा गरम. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली टेप गुंडाळून दोन्ही पाय मोजले, तर फरक 3 सेंटिमीटरच्या वर. मी टेप खाली ठेवली, पायाला पुन्हा हात लावला नाही, आणि त्यांना तसंच हॉस्पिटलला पाठवलं. जरा रागावूनच गेले. सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. मी दाबत बसले असते तर ती सुटून फुप्फुसात गेली असती कदाचित. लायसन्सच्या परीक्षेत व्यायामाइतकंच हे विचारतात: कुठे हात लावायचा नाही, आणि कुणाकडे पाठवायचं.

शिकत राहण्याच्या तासांबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. वर्ष संपत आलं की लोक मिळेल त्या कार्यशाळेत जाऊन बसतात, सही करतात आणि चहाच्या सुट्टीत पसार होतात. मीही एकदा झाले आहे.

आणि नूतनीकरणाची तारीख! एका वर्षी ती माझ्या हातून निसटली. काम अर्थातच बंद. विमाही नोंदणी चालू असेल तरच. फोन करकरून पेशंटना “पुढच्या आठवड्यात या” सांगताना कारण काय द्यावं ते सुचेना, शेवटी खरं तेच सांगितलं. एक आजी म्हणाल्या, “म्हणजे तुलासुद्धा कुणीतरी तपासतं होय!”

विद्यार्थ्यांच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: निकाल लागलाय, नोंदणी व्हायचीय, तोवर ओळखीच्या दोनचार जणांना घरीच बघितलं तर? नको. नोंदणीचा नंबर येईपर्यंत थांब.