बिल्ड लॉग: उजवी मोटर डावीपेक्षा का तापत होती

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझा इलेक्ट्रिक स्केटबोर्ड पूर्ण झाला. नव्हता झाला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सामान पुन्हा सांगतो. दोन सीलबंद ६३७४ मोटरी (६३ मिमी व्यास, ७४ मिमी लांबी), १९० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे), १६ दातांची मोटर-पुली, चाकावर ३६ दातांची, १५ मिमी रुंदीचा बेल्ट, ९७ मिमीची चाकं, १२एस बॅटरी (बारा सेल ओळीनं जोडलेली) आणि ड्युअल व्हेस्क, म्हणजे दोन्ही मोटरींचा करंट सांभाळणारा कंट्रोलर. सपाटीवर कितीही पळवा, तक्रार नाही. बोंब झाली ती चढावर. दहाएक टक्क्यांचा लांबलचक चढ, तोही मी मुद्दाम हळू चढत होतो. तिसऱ्या फेरीला अर्ध्यावर उजवीकडचा जोर गळाला. डावी एकटीच ढकलतेय हे पायालाच कळलं. थांबून अ‍ॅप उघडलं तर उजवी मोटर ७९ अंश, डावी ५८.

पहिला गोंधळ आकड्याचाच. मर्यादा ८५ ला सुरू होऊन १०० ला पूर्ण बंद, अशी ठेवली होती. मग ७९ ला जोर का कमी व्हावा? उत्तर व्हेस्कच्याच सेटिंगमध्ये आहे. वेग वाढवताना तापमानाची मर्यादा आणखी खाली आणायची एक टक्केवारी तिथे असते, माझ्याकडे ती १५. म्हणजे ८५ आणि २५ मधल्या ६० अंशांचे १५ टक्के, ९ अंश. ८५ वजा ९, ७६. पुढे जायचा जोर ७६ पासूनच कापला जातो आणि ब्रेकसाठी वाव शिल्लक राहतो. ही टक्केवारी शून्य करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उतारावर तापलेल्या मोटरीचा ब्रेक गेला तर काय होतं, हे तुमचे गुडघे सांगतील.

दुसरा गोंधळ हाताचा. दोन्ही मोटरींच्या डब्याला हात लावून पाहिला, दोन्ही सारख्याच कोमट. क्षणभर वाटलं, मोटरीतला तापमान मोजणारा थर्मिस्टरच खोटं बोलतोय. पण आउटरनर मोटरीची रचना आठवा. तांब्याच्या तारेची वाइंडिंग (गुंडाळी) आत, स्टेटर या स्थिर गाभ्यावर. आपण हात लावतो तो बाहेरचा फिरता डबा, आणि दोघांच्या मध्ये हवेची फट. डबा फिरतो, वारा खातो, थंड राहतो. आत काय शिजतंय ते त्याला उशिरा कळतं. उलट बोर्ड थांबवून पाच मिनिटांनी हात लावला तर तो जास्त गरम लागतो, कारण आतली उष्णता तोवर झिरपत बाहेर येते आणि वाराही थांबलेला असतो. इन्फ्रारेड बंदूक डब्यावर रोखून ‘माझी मोटर पन्नासच्या वर जातच नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा वाइंडिंगवरच्या एनटीसीचा (त्याच थर्मिस्टरचा) आकडा बघावा.

मग उष्णता जाते कुठून? स्टेटर ज्या मधल्या नळीवर बसतो ती मोटरीच्या पुढच्या तबकडीला जोडलेली असते, तबकडी मोटर धरणाऱ्या माउंटला आणि माउंट ट्रकच्या हँगरला, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या धातूच्या भागाला. सीलबंद मोटरीत हाच राजमार्ग, बाकी सगळ्या गल्ल्या.

संशयितांची यादी लांब होती. उजवा बेल्ट जास्त ताणलेला? सैल करून पाहिला, फरक एखाद्या अंशाचा. बेअरिंग जड? हातानं फिरवल्यावर दोन्ही सारख्याच. शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं: दोन्ही मोटरींची अदलाबदल, डिटेक्शन (व्हेस्कनं मोटरींची मोजमापं घेणं) पुन्हा आणि तोच चढ. ताप उजवीकडेच राहिला. म्हणजे दोष मोटरीत नाही, जागेत आहे.

उजवी मोटर पुन्हा उतरवली आणि माउंटकडे बघून स्वतःलाच हसलो. काळ्या पावडर कोटिंगवर चार चकचकीत कड्या उमटल्या होत्या, बाकीचा पृष्ठभाग कोरा, नव्यासारखा. पहिल्या जुळणीच्या वेळी उजवी पुली सरळ रेषेत येत नव्हती म्हणून मीच मोटर आणि माउंटच्या मध्ये १ मिमीचे चार स्टीलचे वॉशर घातले होते. बेल्ट सुतासारखा सरळ झाला, मी खूश. मोटरीची तबकडी मात्र अधांतरी. राजमार्गावर चार वॉशरएवढा पूल आणि बाकी १ मिमी हवा.

वॉशर काढले. पुली शाफ्टला आवळणारा ग्रब स्क्रू सैल करून ती शाफ्टवरच १ मिमी सरकवली, स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर लावून घट्ट केली. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. वॉशर गेले की तेच एम४ स्क्रू मोटरीत १ मिमी जास्त आत शिरतात, आणि तबकडीच्या मागे लगेच वाइंडिंग असते. स्क्रू कधी तारेवरचं इनॅमल खरवडेल याचा नेम नाही. मी आखूड स्क्रू घातले आणि मोटरीच्या फेज वायर ते बॉडी कंटिन्युटी (विजेची जोडणी) नाही ना, हे मल्टिमीटरनं तपासूनच बॅटरी जोडली.

तोच चढ, तीन फेऱ्या: उजवी ६४, डावी ५७. मग दोन्ही माउंटवरचं कोटिंग मोटर बसते तेवढ्या जागेपुरतं सँडपेपरनं घासून धातू उघडा केला आणि थर्मल पेस्टचा अगदी पातळ हात फिरवला. उजवी ५९, डावी ५५. उरलेले चार अंश मी सोडून दिले.

आता मूळ प्रश्न, हळू चढताना एवढा ताप का. त्या चढावर ताशी आठेक किलोमीटरनं जाताना बॅटरीतून दोन्ही मोटरींना मिळून जेमतेम सहा-सात अँपिअर जात होते. तो आकडा बघून वाटतं, सगळं निवांत चाललंय. मोटर करंट मात्र प्रत्येकी सव्वीसच्या आसपास. तांबं तापतं ते या करंटनं, आणि तेही वर्गानं: करंट दुप्पट, उष्णता चौपट. डिटेक्शनमध्ये माझा रेझिस्टन्स २२ मिलीओहम आला. व्हेस्कच्या हिशेबात तोटा म्हणजे दीड गुणिले करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे २६ अँपिअरला साधारण २२ वॅट. ५० अँपिअरला तोच ८२ वर जातो. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे ऐंशीला पोचलेली मोटर त्याच करंटला पाचव्या हिश्शानं जास्त तापते. चुंबकही गरम झाले की थोडे मऊ पडतात, त्याच जोरासाठी करंट आणखी लागतो. आगीत तेल.

वाइंडिंगचं इनॅमल चांगल्या दर्जाचं असेल तर १५५ किंवा १८० अंशांपर्यंत टिकतं. आधी मान टाकतात ते चुंबक आणि त्यांचा गोंद. साध्या ग्रेडचे निओडिमियम चुंबक सुमारे ८० पर्यंतचेच, एच ग्रेडचे १२०, एसएचचे १५०. विकणारा ग्रेड सांगत नसेल तर साधाच धरून चाला.

बऱ्याच मित्रांनी सुचवलं, कमी केव्हीची मोटर घे, थंड राहील. पटत नाही. त्याच आकाराच्या मोटरीत तेवढंच तांबं भरलं असेल तर केव्ही कमी करताना वेढे वाढतात, तार बारीक होते. करंट कमी लागतो, पण रेझिस्टन्स त्याच्या वर्गानं वाढतो आणि त्याच टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) तांब्यातली उष्णता तेवढीच राहते. फायदा होतो तो व्हेस्कला आणि वायरींना. मोटरीला खरा आराम देते ती गिअरिंग. १६:३६ चं १५:४० केलं तर करंट १६ टक्क्यांनी उतरतो आणि चढावरचा तांब्यातला तोटा सुमारे २९ टक्क्यांनी. किंमत म्हणून टॉप स्पीड १६ टक्के जातो आणि त्याच वेगाला मोटर जास्त फिरत असल्यामुळे स्टेटरच्या लोखंडातला तोटा थोडा वाढतो. मी सपाटीवर तसाही पूर्ण वेगानं जात नाही, त्यामुळे सौदा मंजूर.

फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या द्रवाबद्दलही विचारणा झाली. ई-बाइकच्या हब मोटरींत ते फटीत ओतून स्टेटरची उष्णता थेट बाहेरच्या कवचापर्यंत नेतात आणि तिथे ते छान चालतं. इतक्या जोरात फिरणाऱ्या बेल्ट-ड्राइव्ह आउटरनरमध्ये मला तो चिकट उद्योग नको. डब्याला भोकं पाडणं तर मुळीच नको, सीलबंद मोटर घेतली होती ती खडी आणि पाणी आत जाऊ नये म्हणूनच.

४० दातांची पुली आली आहे. चाकाच्या गाभ्यात अर्ध्या मिलिमीटरनं अडकते, तेवढी कानस मारावी लागेल. जुना बेल्टही आखूड पडतोय आणि माउंटच्या खाचेत मोटर चाकाकडे सरकवायला जागा उरलेली नाही, म्हणजे पुढची फेरी लांब बेल्ट मिळाल्यावरच.