परमिटवरची सही

गेल्या जुलैपासून दर शनिवारी मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.च्या मुलांना औद्योगिक सुरक्षा शिकवायला जातो. केमिकलची अठरा मुलं-मुली आहेत. पहिल्या दिवशी काहीच न शिकवता प्रत्येकाच्या हातात टाकीत उतरण्याचं एक कोरं वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याचा लेखी परवाना, दिलं आणि भरायला सांगितलं. दहा मिनिटांत अठराच्या अठरा परमिटं सह्यांसकट परत आली. टाकी कुठली, आधी तिच्यात काय होतं, आत कोण उतरणार, एकानेही विचारलं नाही.

मला राग आला नाही. १९९९ साली मीही अशीच सही केली होती.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा, एका केमिकल कारखान्यात ट्रेनी इंजिनियर. रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ती बंद टाकी, धुवायला काढला होता. सकाळी साडेनऊला मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरला, ऑक्सिजन २०.९ टक्के आला, मी परमिटवर सही केली आणि ऑफिसात गेलो. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद होता, पण लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पुरता बंद करणारी चकती, मारलेला नव्हता आणि व्हॉल्व्ह आतून थोडा पास होत होता, म्हणजे गळत होता. कंत्राटदाराचा हेल्पर आत उतरला तो अकरा वाजता. मधल्या दीड तासात रिअ‍ॅक्टरच्या तळाशी काय साचलं, ते माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

आमचे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी त्या पोराला हार्नेस घातला, दोरी बांधली. मी सकाळी म्हटलं होतं की परमिट झालंय, मामा, लवकर उरका. ते म्हणाले, ‘‘साहेब, तुमचा कागद तुमच्यापाशी. दोरी लावल्याशिवाय पोरगं आत जाणार नाही.’’ तो उतरला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच कोसळला. ओरडलासुद्धा नाही. मी धावत आलो ते थेट मॅनहोलमध्ये पाय टाकायलाच. मामांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं आणि दोघांनी दोरीने त्याला वर घेतलं. तो वाचला. दोरी नसती तर आत दोघं पडलो असतो.

नायट्रोजनचं हे मुलांना नीट समजावं म्हणून मी अख्खा एक तास देतो. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते ऑक्सिजन कमी झाल्याने नाही, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने. नायट्रोजनमध्ये श्वास चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून छातीला काही कळतच नाही. ऑक्सिजन अगदीच नसेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. ज्या वायूचा हवेत ७८ टक्के वाटा आहे, त्याची भीती कुणाला वाटणार? म्हणून मीटरची नळी तळापर्यंत सोडायची, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी बघायचं, उतरण्याच्या अगदी आधी बघायचं, आणि माणूस आत असेपर्यंत बघत राहायचं. ऑक्सिजनचा आकडा १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर कुणी उतरायचं नाही.

ही मुलं हुशार आहेत. सिम्युलेशन करतात, हॅझॉपचे, म्हणजे कारखान्यात कुठे काय बिघडू शकतं ते शोधायचे, तक्ते सुरेख भरतात. पण एम.टेक. झालेला मुलगा थेट डिझाइनला किंवा असिस्टंट मॅनेजर म्हणून लागतो. त्याची सही टाकीपर्यंत पोचते, पाय पोचत नाहीत. याच वयात त्याला टाकीपाशी उभं केलं नाही तर पुढे त्याला कुणी नेणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

फ्लिक्सबरोच्या केमिकल कारखान्यातला स्फोट मी त्यांना याचसाठी सांगतो. इंग्लंड, १ जून १९७४, शनिवार. सहा रिअ‍ॅक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून चौथा आणि सहावा २० इंची पाइपने जोडला. कागदावर डिझाइन नव्हतं. वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती, बस्स. वर्क्स इंजिनियरची जागा रिकामी होती. पाइप तुटला, सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाचा ढग पेटला, २८ माणसं गेली. डिझाइन करणाऱ्यांना हे ऐकवताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा ४१-एच हे कलम आलं: जिवाला धोका दिसला तर तो लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क. मुलांनी ते पाठ केलं. मी म्हटलं, पाठांतर राहू द्या. समोरचा हेल्पर तुम्हाला ‘साहेब’ म्हणत असताना तो हक्क वापरेल कसा, ते सांगा. त्यावर आमची चर्चा तास संपला तरी चालू होती.

मागच्या शनिवारी तेच परमिट पुन्हा दिलं. या वेळी लॅबमधल्या जुन्या रिअ‍ॅक्टरपाशी नेऊन, तीन चुका मुद्दाम ठेवून. तिन्ही सापडल्या. एका मुलीने मात्र चौथी काढली, जी मला माहीत नव्हती: मॅनहोलपाशी थांबायच्या माणसाचंच नाव पंप चालवणाऱ्याच्या रकान्यातही होतं. ‘‘सर, हा पंपाकडे गेला तर दोरी कोण धरणार?’’ तिने सही केली नाही.

पुढच्या तासाला मामा येणार आहेत. एकाहत्तर वर्षांचे आहेत आता. हार्नेस कसा घालायचा, दोरीला गाठ कशी मारायची, हे तेच शिकवतील. फोनवर एवढंच म्हणाले, ‘‘पोरांना बुटं घालून यायला सांगा.’’